फिश टँकमधील नायट्रेट : जमा-खर्चाचा हिशोब

परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेडच्या बाजारपेठेत काउंटरवर माशांची काचेची टाकी ठेवणारी दुकाने आता नवलाची राहिली नाहीत. गिऱ्हाईक घटकाभर जास्त थांबते, सोबतची मुले रमतात आणि मालाकडे निवांत पाहणे होते. घरोघरीही हा शौक वाढला आहे. त्यावर मासे, खाद्य, फिल्टर विकणाऱ्यांचा आणि टाक्या चिकटवणाऱ्या कारागिरांचा रोजगार चालतो. परंतु पुष्कळ टाक्या काही महिन्यांतच रिकाम्या होऊन माळ्यावर जातात. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते, तरी मासे सुस्त होतात, खात नाहीत, वाढत नाहीत, काचेवर हिरवे शेवाळ चढते. यामागे अनेकदा नायट्रेट असते. त्याचा हिशोब व्यापाऱ्याला सहज समजेल असा आहे.

नायट्रेट येते कोठून?

माशांच्या खाद्यात प्रथिने असतात. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजवर व खड्यांवर वाढणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्यामानाने सौम्य असते, पण साध्या फिल्टरने ते निघत नाही. ते दिवसेंदिवस साठत जाते.

किती साठते? ४० टक्के प्रथिने असलेल्या १ ग्रॅम खाद्यातला सगळा नत्र नायट्रेट झाला, तर सुमारे २८० मिलिग्रॅम नायट्रेट होते. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत ५७ लिटर पाणी मावते. खडे व वरची मोकळी जागा वजा जाता ५० लिटर धरा. म्हणजे प्रत्येक ग्रॅम खाद्यामागे लिटरला ५ ते ६ मिलिग्रॅमपर्यंत वाढ. काही भाग माशांच्या अंगी लागतो, तेवढीच सूट.

घरच्या टाकीत नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅमच्या आसपास असावे, ४० च्या वर जाऊ देऊ नये. नुसत्या डोळ्यांनी हे कळत नाही. थेंबांचे किट किंवा पट्टी घेऊन मोजावे. काही किट ‘नायट्रेट-नायट्रोजन’ दाखवतात. तो आकडा ४.४ ने गुणला की नायट्रेटचा आकडा मिळतो. मासे एकाएकी वर येऊन धापा टाकत असतील तर आधी अमोनिया, नायट्राइट व हवेचा पंप तपासावा. नायट्रेटचे काम सावकाश चालते.

पाणी बदलण्याचा हिशोब

आठवड्याला १० मिलिग्रॅम जमा होते आणि आपण दर आठवड्याला पाव पाणी बदलतो असे समजा. नव्या पाण्यात नायट्रेट शून्य असेल तर टाकीतला आकडा ४० पर्यंत चढून तेथे थांबेल. निम्मे पाणी बदलले तर २० वर थांबेल. साठा किती राहणार ते आवक आणि जावक यांवर ठरते, आमच्या गोदामात ठरते तसेच.

पण येथेच आपल्या भागाची खरी अडचण आहे. नव्या पाण्यातच ४५ मिलिग्रॅम असेल तर पाव पाणी बदलणाऱ्याची टाकी ८५ वर जाऊन थांबेल. रोज पाणी बदलले तरी ती ४५ च्या खाली येणार नाही. अस्तरच मळके असेल तर वरचे कापड कितीही धुऊन काय फायदा!

आपले बोअरचे पाणी

४५ हा आकडा आम्ही सहज घेतलेला नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची तीच मर्यादा आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातील सुमारे २० टक्के नमुने या मर्यादेबाहेर आढळले. जास्त नायट्रेटच्या जिल्ह्यांत आपले शेजारी नांदेड आणि बीड आहेत. आपलाही जिल्हा त्याच काळ्या मातीचा, खाली भेगाळ बेसाल्ट खडक असलेला. कापूस-सोयाबीनला दिलेला युरिया, गोठ्यांचे शेण-मूत्र, संडासाचे शोषखड्डे यांतला नत्र पावसाबरोबर झिरपून विहिरी-बोअरमध्ये उतरतो. याउलट पूर्णा नदीवरच्या येलदरीसारख्या धरणाचे पाणी नायट्रेटच्या बाबतीत साधारणपणे हलके असते.

म्हणून टाकी तपासण्याआधी बोअर तपासावे. शेजाऱ्याच्या बोअरवरून अंदाज बांधू नये; दोन बोअरमध्ये पुष्कळ फरक असू शकतो. पावसाळ्याआधी एकदा व नंतर एकदा मोजावे.

उपाय

१. खाद्य कमी करा. दोन मिनिटांत संपेल एवढेच, दिवसातून एकदा-दोनदा. दुकानात प्रत्येक नोकर खाद्य टाकतो, हे बंद करावे. काम एकाकडेच द्यावे.

२. गर्दी कमी करा. ५० लिटरच्या टाकीत गोल्डफिशची रांग लावू नये. तो मासा मोठा होतो आणि घाणही जास्त करतो.

३. दर आठवड्याला पाव पाणी बदला आणि नळीने खड्यांतला गाळ ओढून काढा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते; ते एक दिवस उघड्या बादलीत हवा सोडून ठेवावे किंवा हायपोचे खडे प्रमाणात वापरावेत. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, नळाखाली धुऊ नये, जिवाणू मरतात.

४. उन्हाळ्यात उडालेले पाणी वरून भरणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे. वाफ निघून जाते, नायट्रेट खाली राहते, आणि बोअरचे पाणी भरले की त्यात भरच पडते.

५. बोअर जड असेल तर आरओचे पाणी निम्मे मिसळा. ४५ चे साधारण २५ होते. सोबत खाद्य निम्मे करून निम्मे पाणी बदलले तर टाकी ३५ च्या आसपास राहील. नुसते आरओ पाणी भरू नये; त्यात क्षार फार कमी असतात. आरओचे बाहेर टाकलेले पाणी तर टाकीत मुळीच घालू नये, कारण नायट्रेट त्यातच गोळा झालेले असते. स्वच्छ छतावरून, पहिला पाऊस वाहू देऊन साठवलेले पावसाचे पाणीही मिसळायला चांगले.

६. मनीप्लांटची मुळे पाण्यात व पाने बाहेर राहतील असे ठेवा. वनस्पती नायट्रेट खातात. उजेड हवा आणि सडलेली पाने काढून टाकावीत. टाकीतून काढलेले पाणी कुंड्यांना खत म्हणून घालावे.

आकडा १६० वर गेला असेल तर एकदम सारे पाणी बदलू नये. मासे धक्क्याने मरतात. चांगल्या पाण्याने दिवसाआड पाव पाव बदलले तर १२०, ९०, ६७, ५० असा तो उतरतो.

माशांपुरती गोष्ट नाही

ज्या बोअरने टाकी बिघडते, त्याच बोअरचे पाणी घरात पितात. सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरचे दूध अशा पाण्यात कालवून दिले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि बाळ निळसर पडू शकते. १९४५ मध्ये अमेरिकेतील आयोवा येथे डॉ. कॉमली यांनी विहिरीच्या पाण्याशी याचा संबंध दाखवून दिला. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. तुरटीनेही जात नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना जरूर तपासून घ्यावा. आकडा ४५ च्या वर असेल तर बाळासाठी दुसरे पाणी वापरावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

हा धंदा करणाऱ्यांसाठी

मासे विकणाऱ्या बंधूंनी पहिल्याच दिवशी वीस मासे गळ्यात मारू नयेत. टाकी विकताना गिऱ्हाइकाच्या घरचे पाणी किटने तपासून आकडा पावतीवर लिहून द्यावा. चार-सहा मासे द्यावेत आणि महिन्याने पुन्हा तपासून मग पुढचे द्यावेत. आठवड्याला घरी जाऊन पाणी बदलून देण्याची मजुरी ठरवावी. होतकरू मुलाला हे काम थोड्या भांडवलात जमते. ज्याचे मासे मरतात तो गिऱ्हाईक परत येत नाही. ज्याचे जगतात तो खाद्याला येतो, मोठ्या टाकीला येतो आणि शेजाऱ्यालाही घेऊन येतो. आमच्या कापडलाईनीत रंग जाणार असेल तर तो विकण्याआधी सांगणाऱ्याचीच पेढी टिकते. पाण्याच्या धंद्यातही तोच दस्तूर ठेवावा.