रविवारच्या सिंहगडाबद्दल

चि. निखिल यास,


ताईने तुझा रिपोर्ट पाठवला. एचबीएवनसी ७.८. फोनवर तू दोनदा म्हणालास, "मामा, मी एवढा बारीक, मला कशी शुगर निघाली?" पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा शेजारीशेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२! आपली चरबी शर्टावरून कळत नाही रे. ती पोटात आतड्यांभोवती आणि यकृतात साठते.

आणि गप्प बसत नाही. तिच्यात रोगप्रतिकारक पेशी शिरतात, टीएनएफ-अल्फासारखी द्रव्यं सोडतात, यकृतात दाह दाखवणारं सीआरपी जास्त बनू लागतं. जखम नाही, ताप नाही, तरी शरीर आतल्या आत धुमसत असतं. अशा वेळी इन्शुलिन असूनही पेशी त्याला दाद देत नाहीत.

म्हणून वजनकाट्याकडे बघून व्यायाम करू नकोस. कोपनहेगनच्या बेंटे क्लार्लुंड पेडरसन यांचं काम मला फार मोलाचं वाटतं. काम करणारा स्नायू स्वतःच रक्तात आयएल-६ नावाचं द्रव्य सोडतो, हे त्यांनी दाखवलं. मधुमेहात हेच द्रव्य रक्तात कायम थोडं वाढलेलं असतं आणि ते दाहाचं लक्षण मानतात. व्यायामात मात्र ते उसळतं, थोड्या वेळात ओसरतं, आणि त्याच्या मागोमाग दाह शमवणारं आयएल-१० वाढतं. सीआरपी उतरायला महिने लागतात, पोटातली चरबी घटली तर ते जास्त उतरतं. साखरेवरचा परिणाम मात्र त्याच दिवशी सुरू होतो.

पण तो एक-दोन दिवसच टिकतो. तुझा रविवारचा सिंहगड मला आवडतो, पण सोमवार ते शनिवार खुर्चीत बसलास तर तो पुरणार नाही. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, तेही सलग दोन दिवस खाडा न करता. शिवाय दोनदा जोर-बैठका किंवा वजनं, कारण रक्तातली साखर सगळ्यात जास्त स्नायूच उचलतो.

एक माझं ऐक. मधुमेहाने माझ्या पायांची जाणीव कमी झाली आहे. नव्या बुटाची शिवण करंगळीला घासत होती, मला कळलंच नाही. संध्याकाळी मोजा काढला तेव्हा तो रक्ताने चिकटलेला. बोट बरं व्हायला दोन महिने गेले, तेवढे दिवस चालणं बंद. तेव्हापासून बूट घालण्याआधी आत हात फिरवतो आणि रात्री तळवे पाहतो. तूही आजपासूनच पाहा.

डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड दिली असेल तर व्यायामाच्या वेळेबद्दल त्यांना विचार, आणि खिशात साखरेची पुडी ठेव. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला, तर साखर फार उतरली समज; लगेच खा आणि थांब.

आज जेवण झालं की पंधरा मिनिटं चाल, आणि चालताचालताच मला फोन कर. मी जागा आहे.

तुझा,
मामा