दफ्तरखान्यातील थप्पी

माजघरातील उतरंड ज्यांनी पाहिली आहे, त्यांना थप्पी लावण्याचा पहिला नियम वेगळा सांगावयास नको. मोठे मडके तळाशी, लहान शेंड्यावर. तळाच्या मडक्यातील धान्य हवे झाले की गृहिणी वरची मडकी उतरवून ठेवते. हे काम रोजचे नसल्याने तिला ते परवडते. दफ्तरखान्यात मात्र ते परवडत नाही. एखाद्या शेतकऱ्याच्या जमिनीचा दाखला किंवा वारसासाठी हवी असलेली मृत्यूची नोंद नेमकी तळाच्या खोक्यात असते, आणि थप्पी हलविण्याचा कंटाळा आला की कागद सापडत नाही असे उत्तर मिळते. थप्पी लावताना ती काढावयाची आहे हे आधी ध्यानात धरले पाहिजे.

आपल्या गोव्यात दफ्तर जतन करण्याची परंपरा जुनी आहे. पोर्तुगीज अमदानीत १५९५ साली येथे दफ्तरखाना स्थापन झाला आणि इतिहासकार दिओगु दु कोतु याची त्यावर नेमणूक झाली. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद चौकोनी कापडात बांधलेले असून त्या गाठोड्यांना रुमाल म्हणतात. कापडी गाठोड्यांची उंच थप्पी टिकत नाही, ती घसरते. पुठ्ठ्याच्या खोक्यांची टिकते, आणि तेथेच माणसाला मोह होतो.

आता थोडे गणित करू. ए-फोर आकाराच्या नेहमीच्या ५०० कोऱ्या कागदांचे वजन सुमारे अडीच किलो भरते. असे सहा गठ्ठे मावतील एवढे खोके म्हणजे १५ किलो. एकावर एक पाच खोकी ठेवली तर सर्वांत खालच्यावर ६० किलोंचा, म्हणजे एका प्रौढ माणसाचा भार पडतो. आणि तो क्षणभर नव्हे, वर्षानुवर्षे.

हा भार खोके पेलते ते कशाच्या बळावर? झाकणाच्या नव्हे. पन्हळी पुठ्ठ्याच्या उभ्या बाजू, आणि त्यांतही मुख्यतः चार कोपरे, हेच त्याचे खांब होत. येथे गवंड्याचे अनुकरण करणारा फसतो. गवंडी विटांचे सांधे चुकवून भिंत रचतो, कारण वीट भरीव असते. खोकी तशी रचली की वरचा कोपरा खालच्या झाकणाच्या मध्यावर येतो आणि झाकण खचते. अशी थप्पी बाजूला कमी ढळते हे खरे. परंतु कागदांच्या जड खोक्यांना कोपऱ्यावर कोपरा हीच रचना मानवते. त्यातून थप्पी डगमगू लागली तर ती फार उंच झाली आहे असे समजावे. अर्धवट भरलेले खोके आत दबते, तर ठासून भरलेल्याचे झाकण फुगते व वरचे खोके त्यावर डुलते.

गोव्याचा पावसाळा हा आणखी एक शत्रू. दमट हवेत पुठ्ठा पाणी शोषतो व मऊ पडतो. उन्हाळ्यात ताठ उभी असलेली थप्पी श्रावणात कलते ती यामुळे. म्हणून खोके कधीही जमिनीवर ठेवू नये, खाली फळ्या घालाव्यात. भिंतीपासून वीतभर अंतर राखले म्हणजे हवा खेळते आणि वाळवी आलीच तर वेळेवर दिसते. छतापर्यंत रचणे व वाट अडविणे हे आगीच्या वेळी घातक ठरते.

खोके उचलताना कंबरेत न वाकता गुडघे मोडून बसावे, ते छातीशी धरून उठावे, आणि वळताना अंग न पिळता पावले वळवावीत. खांद्याच्या वरचे खोके शिडीवाचून ओढू नये.

सर्वांत उत्तम उपाय म्हणजे फळीवर एक किंवा दोनच खोकी ठेवणे. मग तळाचे खोके असे राहतच नाही. वारंवार लागणारी खोकी गुडघा व खांदा यांच्यामधल्या फळ्यांवर असावीत. क्रमांक वाटेच्या बाजूस लिहावा, झाकणावर नव्हे. वहीत रांग, खण व फळी यांची नोंद असावी. खोके काढले की त्याच्या रिकाम्या जागी ते कोणी, कोणत्या दिवशी नेले याची चिठ्ठी ठेवावी, आणि खोके परत येईपर्यंत तेथे दुसरे काहीही सरकवू नये.