पोटातील क्षयरोग : निदानापूर्वीच्या खर्चाचा प्रश्न

क्षयरोग म्हणजे खोकला आणि बेडका, हे समीकरण जनमानसात खोलवर रुजलेले आहे. प्रत्यक्षात देशात नोंदल्या जाणाऱ्या क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव हिस्सा फुप्फुसाबाहेरील क्षयाचा असतो. त्यात लसिका ग्रंथींचा क्षय विशेष आढळतो. मानेतील गाठ निदान हाताला तरी लागते. आतड्यांभोवतीच्या ग्रंथी सुजल्या तरी त्या बाहेरून दिसत नाहीत.

लहान आतडे मोठ्या आतड्यास मिळते त्या भागात क्षयजंतू व्रण निर्माण करतात, मार्ग अरुंद होतो आणि लगतच्या ग्रंथींना सूज येते. क्रोन्स नावाच्या आजारातही बहुधा हाच भाग बिघडतो. पोटदुखी, जुलाब, वजन घटणे ही लक्षणेही तीच. उपचार मात्र परस्परविरोधी आहेत. क्रोन्समध्ये स्टिरॉइडसारखी, प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे दिली जातात. क्षय असताना केवळ तीच दिल्यास जंतूंना मोकळे रान मिळते. संधिवात व क्रोन्स या आजारांवर वापरले जाणारे इन्फ्लिक्सिमॅब घेतल्यानंतर क्षय झालेल्या 70 रुग्णांची माहिती 2001 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. त्यांपैकी 40 जणांचा रोग फुप्फुसाबाहेरील होता. म्हणूनच अशा औषधापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी करण्याचा प्रघात पडला.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने खरा प्रश्न येथेच उद्भवतो. बेडक्याची तपासणी सरकारी केंद्रात विनामूल्य होते. पोटातील क्षयासाठी मात्र सीटी स्कॅन, दुर्बिणीद्वारे तपासणी, आतड्याचा तुकडा काढून परीक्षण अशी मालिका लागते, आणि तालुक्याच्या ठिकाणी ती क्वचितच उपलब्ध असते. क्षयरोगाची नोंद 2012 पासून बंधनकारक आहे. एप्रिल 2018 मध्ये सुरू झालेल्या निक्षय पोषण योजनेची मासिक मदत 500 रुपये होती. नोव्हेंबर 2024 पासून ती 1,000 रुपये झाली. परीक्षार्थी हे आकडे पाठ करतात, पण मदत सुरू होते ती नोंदणीनंतर, हे सहसा दुर्लक्षिले जाते. निदान होईपर्यंतची बुडालेली मजुरी, प्रवास आणि चुकीच्या औषधांचा खर्च कुटुंबालाच सोसावा लागतो.

सहा महिन्यांचे मोफत उपचार सुरू झाल्यावरही एक अडचण संभवते. जंतू मरत असताना काही रुग्णांच्या ग्रंथी पुन्हा सुजतात. औषध लागू पडत नाही असे समजून रुग्ण डॉक्टर बदलतो आणि तपासण्यांचा खर्च नव्याने सुरू होतो.