पिवळी किटली

इ. स. १९७७ च्या जुलै महिन्यात इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे फॉर्म्युला वन मोटारींची शर्यत भरली होती. तीत फ्रान्समधील रेनॉ कंपनीची पिवळ्या रंगाची एक मोटार प्रथमच उतरली. परंतु यंत्र बिघडल्यामुळे तिला शर्यत अर्ध्यावरच सोडावी लागली. पुढेही तिचे इंजिन वारंवार निकामी होई आणि मागून धुराचे पांढरे लोट निघत. लोकांनी थट्टेने तिचे नाव ठेवले, ‘पिवळी किटली’!

या मोटारीत नवे असे काय होते? चुलीत फुंकणीने वारा घातला, की जाळ भडकतो. इंजिनाचेही तसेच आहे. अधिक हवा मिळाली, तर अधिक इंधन जळते व बळ वाढते. टर्बोचार्जरमध्ये एकाच दांड्यावर पात्यांची दोन चक्रे असतात. इंजिनातून बाहेर पडणारे तप्त वायू एक चक्र फिरवितात; त्याबरोबर दुसरेही फिरते आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. जो वायू एरवी वाया जावयाचा, त्याच्याकडूनच काम करून घेण्याची ही युक्ती! स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्येच तिचे पेटंट घेतले होते.

शर्यतीच्या नियमांनुसार साध्या इंजिनाला ३ लिटरची मर्यादा होती, तर हवा दाबून भरणाऱ्या इंजिनाला अवघ्या दीड लिटरची. म्हणून इतरांनी हा मार्ग टाळला होता.

रेनॉच्या अभियंत्यांपुढे दोन संकटे होती. उष्णतेने पिस्टन वितळत. आणि चालकाने पायाने जोर दिला, तरी चक्राने वेग घेईपर्यंत मोटार उसळी घेत नसे. चालक जाँ-पिएर जाबुई याला वळण संपण्यापूर्वीच पुढचा अंदाज बांधावा लागे.

अभियंत्यांनी धीर सोडला नाही. दाबलेली तप्त हवा निववून मगच ती इंजिनात सोडण्याच्या व्यवस्थेत त्यांनी सुधारणा केल्या. १९७९ मध्ये एका मोठ्या टर्बोऐवजी त्यांनी दोन लहान टर्बो बसविले. लहान चक्रे हलकी असल्याने लवकर वेग घेत. त्याच वर्षी १ जुलै रोजी फ्रान्समधील दिजों येथे जाबुईने पहिला क्रमांक पटकाविला. टर्बो मोटारीचा फॉर्म्युला वनमधील हा पहिलाच विजय होता.

मग हसणारेही त्याच वाटेने निघाले. १९८३ मध्ये नेल्सन पिके हा टर्बो मोटारीतून विश्वविजेता झाला. मात्र त्याची मोटार ब्रॅबम कंपनीची होती. वाट पाडणाऱ्या रेनॉला त्या काळात ते पद लाभले नाही. पुढे बळ बेसुमार वाढल्यामुळे १९८९ पासून टर्बोवर बंदी आली, आणि २०१४ मध्ये तो पुन्हा शर्यतीत परतला.

पहिली वाट पाडणाऱ्याच्या पायांत काटे अधिक रुततात. परंतु मागून येणाऱ्यांना वाट मिळते, ती त्याच्याचमुळे.

स्वाध्याय
१. लोक मोटारीला ‘पिवळी किटली’ का म्हणत?
२. एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान टर्बो बसविल्याने कोणता लाभ झाला?