करवंद ओळखताना चूक होऊ नये

ईस्टरचा सण होऊन गेला, की खानापूर-चंदगडच्या माळावर करवंदे पिकू लागतात. सुट्टीतली मुले गुरांमागे जाताजाता जाळ्या धुंडाळतात. "कोंबडा की कोंबडी?" असे विचारून करवंद फोडण्याचा खेळ आम्हीही लहानपणी खेळलो आहोत. परंतु बांधावर किंवा कुंपणात दिसणारे प्रत्येक काळे फळ करवंद नसते.

पुष्कळ घरी मुलांना एकच खूण सांगतात : देठ मोडल्यावर दूध आले, की ते करवंद. ही खूण अपुरी आहे. दारात शोभेसाठी लावतात ती बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, करवंदाच्याच कुळातली. तिलाही पांढरा चीक येतो व तिचेही फळ पिकल्यावर काळे पडते. मुले तिची बी खेळायला घेतात. ही बी पोटात गेल्यास हृदयाचे ठोके बिघडून जीवही जाऊ शकतो. म्हणून चीक, काटा, पान आणि फळ या चारही खुणा एकत्र पाहाव्यात.

करवंद : काटेरी जाळी. काटे जोडीने, काही टोकाशी दुभागलेले. पाने समोरासमोर, जाड, तुकतुकीत व अंडाकृती. फुले पांढरी, सुवासिक. फळात लहान चपट्या बिया.

बिट्टी : काटा मुळीच नाही. पाने अरुंद व लांब. फुले पिवळी, घंटेसारखी. फळ कोनदार, आत एकच टणक आठळी.

तोरण : हेही खाण्याचे फळ. काटे वाकडे, पानाची खालची बाजू लवदार आणि देठापासून निघालेल्या तीन ठळक शिरा. पिकलेले फळ पांढरे.

घाणेरी (टणटणी) : पान खरखरीत, चुरगळल्यास उग्र वास. एकाच गुच्छात दोनतीन रंगांची फुले. हिरवी फळे मुलांनी खाऊ नयेत. हिचा पाला खाल्लेल्या गुरांना कावीळ होते व उन्हाने कातडी सोलवटते. चारा कमी पडतो त्या दिवसांत गुरांकडे विशेष लक्ष द्यावे.

गुंज : वेल. पाने चिंचेसारखी. शेंगेतली बी लालभडक, एका टोकाला काळा ठिपका. बी चावली गेली तर फार घातक. गुंजांच्या माळा लहान मुलांच्या हाती देऊ नयेत.

मुलाने अनोळखी फळ खाल्ल्याचे कळल्यास तोंडातले उरलेले काढून चूळ भरायला लावावी. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये. झाडपाल्याच्या उपायातही वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने सरळ इस्पितळ गाठावे. बरोबर त्या झाडाची फळापानांसह फांदी न्यावी. त्यावरून डॉक्टरांना विष ओळखणे सोपे जाते. मूल बरे दिसले तरी थांबू नये, कारण गुंजेचा त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही सुरू होतो.

येत्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर आपापल्या मुलांना घेऊन घराभोवतीच्या कुंपणाला एक फेरी मारावी. वरील खुणा त्यांना झाडापाशी उभे राहून दाखवाव्यात आणि मग त्यांनाच ओळखायला सांगावे. घराजवळ बिट्टी असेल, तर तिची खाली पडलेली फळे रोज गोळा करून मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी खोल पुरावीत.