रंगकामाच्या नावाखाली अनामत अडवली

प्रश्न : कोथरूडला अकरा महिन्यांच्या करारावर राहत होतो. फ्लॅट सोडून महिना झाला. ६० हजार अनामतीपैकी घरमालक रंगकामाचे ३५ हजार कापणार म्हणतात. काय करू?

उत्तर : आधी करारातले अनामतीचे कलम वाचा. रंगकामाची रक्कम तिथे लिहिली असेल, तर तेवढी कापली जाईल. लिहिलेली नसेल, तर सोफ्याच्या पाठीने भिंतीवर उठलेला पट्टा, खिळ्याची दोन भोके ही वापरातली झीज आहे. तिचा भुर्दंड भाडेकरूवर टाकणे मला अन्यायाचे वाटते. फुटलेले बेसिन मात्र तुमच्या खात्यात.

मालकांकडे रंगाऱ्याचे बिल लेखी मागा, व्हॉट्सॲपवर का होईना. फोनवरचे बोलणे वाऱ्यावर जाते. उत्तर आले नाही तर वकिलामार्फत स्पीड पोस्टाने नोटीस धाडा. पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. नाहीच मिटले तर दिवाणी न्यायालय आहे, दाव्याची मुदत तीन वर्षे. करार नोंदवलेला नसला तरी खचू नका : १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने नोंदणीची जबाबदारी मालकावरच टाकली आहे.

पुढच्या घरी किल्ली देतानाच मालकांसोबत खोल्या पाहा, मीटरचा फोटो काढा आणि हिशेबावर दोघांच्या सह्या घ्या.