मूठभर धान्य : महिला मंडळाचा मुष्टिफंड

खळ्यावरून धान्य घरी आले की त्यातील काही वाटा देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. परंतु एकेकट्या घराने दिलेले दान त्या दिवसापुरतेच पुरते. तेच वीस घरच्या महिलांनी एकत्र करून, हिशेब ठेवून दिले तर एखादे वसतिगृह त्यावर वर्षभर विसंबू शकते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडले. पण दागिने एकदाच मोडता येतात. भाकरी रोज लागते. मुष्टिफंड योजनेत खेड्यातील महिला दळताना एक मूठ धान्य वसतिगृहासाठी बाजूला काढीत. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेच्या तर नावातच ही कल्पना आहे.

एका मुठीचा हिशेब

आता जाती राहिली नाहीत. म्हणून गिरणीचा डबा भरतानाच आठवड्याच्या सात मुठी काढाव्यात. मूठ सुमारे ५० ग्रॅमची धरली तर आठवड्याला ३५० ग्रॅम होतात. वीस महिलांचे ५२ आठवड्यांत ३६४ किलो, म्हणजे साडेतीन क्विंटलांहून अधिक धान्य जमते. एका मुलाला दिवसाला ३०० ग्रॅम धान्य धरल्यास सहा मुलांची २०० दिवसांची सोय होते.

चूक कोठे होते?

माझ्या पाहण्यातील एका गावी महिलांनी उत्साहाने धान्य जमविले. नवे-जुने, ओलसर-वाळलेले सर्व एकाच पोत्यात भरून पोते भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवले. पावसाळा संपता संपता त्याला सोंडे लागले. वसतिगृहाने ते धान्य परत पाठविले. महिलांना त्याचे फार वाईट वाटले आणि पुढे दोन वर्षे कोणी मूठ काढली नाही. दानत कमी पडली नव्हती. साठवण चुकली होती.

साठवणुकीत घ्यावयाची काळजी

१) ज्वारी, गहू, तांदूळ वेगवेगळे ठेवावेत. नव्या धान्यात जुने मिसळू नये.

२) धान्य चाळून, कडक उन्हात वाळवावे. ओलावा १० ते १२ टक्क्यांहून जास्त नसावा. ज्वारी, गव्हाचा दाणा दाताखाली कट् असा आवाज करून फुटला तर तो वाळला असे समजावे. तांदूळ मात्र सावलीत वाळवावा. उन्हात त्याची कणी होते.

३) वाळलेले धान्य थंड झाल्यावरच कोठीत भरावे. पत्र्याची घट्ट झाकणाची कोठी उत्तम. पोती असल्यास लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दीड फूट दूर ठेवावीत.

४) दर पंधरा दिवसांनी पाहणी करावी. शक्यतो दर महिन्याला धान्य पोचते करावे.

५) धुरी देणाऱ्या विषारी गोळ्या घरात कधीही वापरू नयेत. त्यांतून निघणारा वायू प्राणघातक असतो.

कारभार कसा असावा?

धान्य कोणाला द्यावयाचे हे सर्वांच्या बैठकीत ठरवावे. देण्यापूर्वी त्या वसतिगृहाला किंवा वृद्धाश्रमाला कोणते धान्य, किती व केव्हा लागते हे विचारावे. त्यांच्याकडे तांदूळ पुरेसा असताना आणखी तांदूळ देण्यात अर्थ नाही. प्रत्येक वेळी वजन करून वहीत नोंद करावी व पोच घ्यावी. बचत गटाचा पैसा आणि मुष्टिफंड यांच्या वह्या वेगळ्या ठेवाव्यात. कर्जाची अडचण आली तरी या धान्याला हात लावू नये.

एखाद्या भगिनीच्या घरी धान्य नसेल तर तिने चाळण्याचे, निवडण्याचे काम करावे. तिचे मत इतरांइतकेच धरावे. कोणी किती दिले याची यादी देवळात लावू नये. तसे झाले की लहान मूठ देणारी बाई येईनाशी होते आणि फंड तेथेच थांबतो.

भगिनींनो, येत्या सुगीत दहाजणी मिळूनही सुरुवात करता येईल. एक कोठी, एक तराजू आणि एक वही एवढेच भांडवल लागते. मूठ लहान असली तरी चालेल. ती दर आठवड्याला निघाली पाहिजे आणि ताटापर्यंत चांगली पोचली पाहिजे.